कबूल नाही

या अंकाचं संपादकीय दुसऱ्या विषयावर लिहायचं ठरलं होतं. ते बाजूला ठेवून मी 500 रुपयांच्या एका चलनाबद्दल लिहिते आहे. रक्कम लहान आहे. पण तिच्यापायी गेलं वर्षभर मी जे पाहिलं, ते आपण जे काम करू म्हणतो त्याच्या अगदी मुळाशी जातं.

मी बाभुळगावची. यवतमाळहून धामणगावला जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. भोवती कापूस-सोयाबीनची शेतं, जवळ बेंबळा धरण, गावात तहसील, पोलीस ठाणं आणि न्यायालय. मी शाळेत शिकवते आणि स्कूटीने ये-जा करते. गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, मोबाईलवर संदेश आला की माझ्या गाडीवर तीन चलनं थकलेली आहेत. लिंक उघडली. पहिली दोन हेल्मेट नसल्याची. फोटोत मीच होते. ओढणी नीट बांधलेली, डोकं उघडं. चूक माझीच होती, त्याच संध्याकाळी दंड भरला.

तिसरं चलन सिग्नल तोडल्याचं होतं. तारीख 12 मार्च, ठिकाण बाभुळगावपासून एसटीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचं एक मोठं शहर. 12 मार्चला मी शाळेत होते, हजेरीपटावर माझी सही आहे. स्कूटी त्या दिवशी गावातल्याच गॅरेजमध्ये ब्रेकच्या कामाला टाकलेली होती, त्याची हाताने लिहिलेली पावती घरात सापडली. आणि फोटो मोठा करून पाहिला तेव्हा तर हसूच आलं. फोटोत एक मोटारसायकल होती आणि तिच्यावर दोन मिशीवाले पुरुष बसले होते. नंबरप्लेटवर चिखल. एमएच 29 बरोबर, पुढची अक्षरंही बरोबर, पण शेवटून दुसरा आकडा 3 आहे की 8, ते कळत नव्हतं. कुणीतरी 8 वाचला आणि तो माझा निघाला.

ऑनलाइन तक्रार केली. हजेरीपटाची प्रत, गाडीच्या नोंदणीची प्रत, गॅरेजची पावती, सगळं जोडलं. उत्तर आलं नाही. पुन्हा केली. पुन्हा नाही. चलन जागेवरच राहिलं.

गॅरेजवाला मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "मॅडम, भरून टाका ना. पाचशे रुपयासाठी कायले कोर्टात जाता?" घरी अब्बांनी तेच सांगितलं, "बेटा, पाँच सौ के वास्ते कोर्ट-कचेरी? दे डाल, छुट्टी कर." अब्बांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला. लायसनच्या पाकिटात ते नेहमी एक नोट घडी करून ठेवायचे. ती कशासाठी, हे आम्हा भावंडांना लहानपणीच कळलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही 'माझी चूक काय?' असं विचारलं नाही. विचारायचं नसतं, हेच त्यांना रस्त्याने शिकवलं होतं. कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये ही म्हण सगळ्या महाराष्ट्राची आहे. पण आमच्या मोहल्ल्यात तिला आणखी एक शेपूट जोडलेलं असतं, 'आणि आपल्यासारख्यांनी तर मुळीच नाही.'

त्या शेपटामुळेच मी अडले. मीही किती जणांना 'देऊन टाक' म्हटलं असेल. संविधानावर व्याख्यानं देणारी मी, विद्यार्थ्यांकडून उद्देशिका पाठ करून घेणारी मी, स्वतःवर वेळ आली तेव्हा पैसे भरायच्या बटणावर बोट ठेवून बसले होते.

500 रुपयांमागे काय काय असतं

पैसे न भरता आधी कायदा वाचला. मोटार वाहन कायदा 1988 चा. 2019 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंड वाढले. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर 2021 पासून लागू केले. सिग्नल तोडणं साधारणपणे कलम 177 मध्ये बसतं. पहिल्या वेळी 500 रुपये, पुढच्या वेळी 1500 रुपयांपर्यंत. म्हणजे न केलेला गुन्हा मी 'झंझट नको' म्हणून भरून टाकला, तर उद्या खरोखर काही चूक झाली तेव्हा ती माझी दुसरी चूक धरली जाऊ शकते. चलन भरणं हा नुसता पैशाचा व्यवहार नाही. त्या भरण्याने आपण आपल्या नावावर काहीतरी लिहू देत असतो.

दुसरी गोष्ट केंद्रीय मोटार वाहन नियमांची. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी 2021 मध्ये 167 अ हा नियम आला. गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांच्या आत पाठवली पाहिजे, यंत्र प्रमाणित असलं पाहिजे आणि ते प्रमाणपत्र दर वर्षी नवं केलं पाहिजे, नंबरप्लेट दिसणारा फोटो, वेळ, तारीख आणि ठिकाण दिलं पाहिजे, आणि चलन निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवली पाहिजे, असं हा नियम सांगतो. मला मार्चच्या गुन्ह्याची खबर जूनमध्ये लागली.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या प्रश्नावर संप केला होता. त्याच महिन्यात वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नये, अशी ताकीद वरिष्ठांना द्यावी लागली. व्यवस्थेत चुका होतात हे व्यवस्थेलाही माहीत आहे. प्रश्न एवढाच की चूक झाली हे सांगायचं कुणी.

लोकअदालत आणि न्यायालय

काही महिन्यांनी पुन्हा संदेश आला की थकीत चलनासाठी राष्ट्रीय लोकअदालतीत हजर राहा. घरात घबराट झाली. 'अदालत' हा शब्दच तसा आहे. मी गेले. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार.

तिथे रांग होती आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला न्यायालयाने बोलावलंय, आता भरल्याशिवाय सुटका नाही. माझा नंबर आला. मी फोटो दाखवला. टेबलापलीकडच्या वकीलबाई सौम्य होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, इथे तडजोड होते. भरायचं असेल तर इथे मिटवून टाका. मी केलंच नाही असं म्हणायचं असेल, तर ते ठरवायची ही जागा नाही."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. लोकअदालत चांगली गोष्ट आहे. जमिनीची, नुकसानभरपाईची, बँकेची किती भांडणं तिथे मिटतात. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे लोकअदालत दोन्ही पक्षांच्या संमतीनेच निवाडा करू शकते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणजे तिथे आपण निर्दोष ठरत नाही, आपण फक्त मोकळे होतो. तडजोड नको म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्या दिवशी रांगेतल्या किती जणांना हे माहीत होतं? माझ्यापुढे एक छोटा हत्ती चालवणारा मुलगा होता. त्याच्या चलनावर ज्या दिवसाची तारीख होती, त्या दिवशी त्याची गाडी दुसऱ्याच जिल्ह्यात होती म्हणे. मी म्हटलं, मग भरतोस का? तो म्हणाला, "दीदी, आज गाडी उभी हाय. आजची रोजी गेली. पुन्हा तारखेवर आलो तर पुन्हा रोजी जाईल." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पैसे भरून तो धावतच गेला.

मी तडजोड नाकारली आणि पुढे समन्स आलं.

वकिलाचं काय करायचं हा प्रश्न होता. फी दंडापेक्षा जास्त झाली असती. इथे आणखी एक गोष्ट कळली, जी मला या वयापर्यंत माहीत नसावी याची लाज वाटली. त्याच 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचं उत्पन्न कितीही असो. मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना, कोठडीत असलेल्यांना आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या कुणालाही तो आहे. अर्ज मी बाभुळगावातच, तालुका विधी सेवा समितीकडे दिला. त्या शहरातल्या एक तरुण वकील मला मिळाल्या.

पुकारा

न्यायालयाच्या व्हरांड्यात मी बसले होते. ओढणी, हातात पिशवी, शेजारी अम्मी. शेजारच्या बाकावरच्या बाईने हळूच विचारलं, "तलाकची केस आहे का?" मी म्हटलं, सिग्नलची. तिला खरं वाटलं नाही. आमच्यातली बाई कोर्टात दिसली म्हणजे नवऱ्याचंच काहीतरी असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. आपणही.

पहिल्या तारखेला पुकारा व्हायला दुपारचे चार वाजले आणि पुढची तारीख मिळाली. दुसऱ्या तारखेला माझं नाव मोठ्याने पुकारलं गेलं, आधी 'आरोपी' आणि मग नाव. तो शब्द अंगावर येतो. बावीस वर्षं शाळेत ज्या नावाने हजेरी दिली, ते नाव त्या शब्दामागून ऐकलं तेव्हा पाय कापले. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. अमुक तारखेला अमुक चौकात तुम्ही सिग्नलचं उल्लंघन केलं. गुन्हा कबूल आहे का?

कबूल. आमच्यातल्या बाईला हा शब्द आयुष्यात एकदा सगळ्यांसमोर विचारला जातो. त्या वेळी उत्तर आधीच ठरलेलं असतं. आजूबाजूच्या बायका कुजबुजत असतात, 'बोल, कबूल म्हण.' मीही तेव्हा मान खाली घालून म्हटलं होतं. माझा संसार सुखाचा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'नाही' म्हणायची मोकळीक असलेला 'कबूल आहे का?' हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी म्हटलं, "नाही. कबूल नाही."

काहीच झालं नाही. कुणी दरडावलं नाही. न्यायाधीशांनी मान डोलावली, लिपिकाने लिहून घेतलं आणि सरकारी वकिलांना मूळ नोंद हजर करायला सांगितलं गेलं. एवढंच. इतक्या वर्षांचं भय आणि त्यामागे निघाली एका वाक्याची नोंद.

तिसऱ्या तारखेला फोटोची मोठी प्रत आली. न्यायाधीशांनी ती पाहिली, माझ्या गाडीचे कागद पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "यातल्या तुम्ही कोणत्या?" एवढंच त्यांनी विचारलं आणि सगळे हसले. सरकारी वकीलही हसले. आपल्याला पुढे पुरावा द्यायचा नाही असं त्यांनी सांगितलं. माझी निर्दोष मुक्तता झाली. 15 दिवसांच्या नियमाचा मुद्दा माझ्या वकिलांनी तयार ठेवला होता, त्याची गरजच पडली नाही.

हिशेब

आता हिशेब मांडते, कारण तो न मांडता 'लढा, लढा' म्हणणं खोटं ठरेल. लोकअदालत धरून चार फेऱ्या. चार किरकोळ रजा. दोघींचं अर्धं तिकीट, चहा-नाश्ता, झेरॉक्स. वकील मोफत मिळूनही खर्च 500 च्या बराच वर गेला. मला पगारी रजा होती. छोटा हत्तीवाल्या मुलाला नव्हती. म्हणून त्याने कबूल केलं आणि मी नाकबूल केलं. आमच्या दोघांत धैर्याचा फरक होता असं मला वाटत नाही. फरक रजेचा होता.

दुसरी कबुली. चलन आलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला होता तो असा की नाव पाहून केलं असेल. तो खोटा होता. कॅमेऱ्याने नाव पाहिलं नव्हतं, कुणीतरी एक आकडा चुकीचा वाचला होता. न्यायालयातही माझ्या नावामुळे कुणी वेगळं वागलं नाही. याचा अर्थ सगळीकडे सगळ्यांना न्यायच मिळतो असा नाही. वाचकांना त्यांचे अनुभव आहेत, मलाही आहेत. पण जिथे अन्याय नावामुळे झालेला नाही तिथे तो नावावर टाकला, तर जिथे तो खरोखर नावामुळे होतो तिथे आपला आवाज हलका पडतो. आणि आणखी वाईट म्हणजे 'आपल्याला कुठे न्याय मिळणार' असं म्हणत आपण पायरी न चढण्याची सोय करून घेतो.

आपल्या चळवळीत शाहबानोंचं नाव आपण आदराने घेतो. त्यांची गोष्ट सुप्रीम कोर्टापासून, 1985 च्या निकालापासून सांगितली जाते. ती सुरू झाली 1978 मध्ये इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांसमोर, अशाच एखाद्या व्हरांड्यातून. त्यांनी महिन्याला 500 रुपये पोटगी मागितली होती. मिळाले 25 रुपये. उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. वय साठीच्या पुढे, आणि आकडे असे. तेव्हाही कुणीतरी म्हटलं असेलच, एवढ्याशा पैशांसाठी कशाला? माझ्या सिग्नलची त्यांच्या लढ्याशी बरोबरी करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण मोठ्या हक्काचा रस्ता खालच्या न्यायालयाच्या त्याच बाकांवरून जातो. तिथे बसायची ज्यांना सवय नाही, ते मोठ्या वेळीही बसत नाहीत.

मागणं काय

शासनाकडे मागणं अवघड नाही. चलनासोबत वाचता येईल असा फोटो द्या. 15 दिवसांचा नियम पाळा. तक्रार फेटाळायची तर कारण लिहून फेटाळा, गप्प बसू नका. लोकअदालतीच्या संदेशात ठळक लिहा की तडजोड ऐच्छिक आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दूरच्या शहरातल्या चलनासाठी माणसाला आपल्या तालुक्याच्या न्यायालयातून व्हिडिओद्वारे हजर होऊ द्या. ऑक्टोबर 2020 मध्ये आपल्याच विदर्भात, काटोलला, राज्यातलं पहिलं आभासी न्यायालय सुरू झालं ते वाहतुकीच्या चलनांसाठीच. घरबसल्या गुन्हा कबूल करून दंड भरायची सोय तिथे झाली. कबूल करायला गावाबाहेर जावं लागत नाही, तर नाकबूल करायला चार फेऱ्या का? बाभुळगावातल्या न्यायालयात बसून मला त्या शहरातल्या न्यायाधीशांशी बोलता आलं असतं, तर त्या मुलालाही बोलता आलं असतं.

समाजाकडेही मागणं आहे. आपल्यातले किती तरी लोक चाकावर जगतात. ट्रक, ऑटो, छोटा हत्ती, गॅरेज, भंगार, फेरीचा धंदा. रस्त्याचा कायदा हा त्यांचा रोजचा कायदा आहे आणि त्याबद्दल आपण कधी एक सभा घेतली नाही. तेव्हा पहिलं, जे खरं आहे ते भरा. हेल्मेट घाला, कागद पूर्ण ठेवा. मी माझी दोन चलनं भरली नसती, तर तिसऱ्यासाठी उभं राहताना माझा आवाज तेवढा स्थिर राहिला नसता. दुसरं, जे खोटं आहे ते भरू नका. फोटो पाहा, तारीख पाहा, त्या दिवशीची पावती, हजेरी, टोलची चिठ्ठी जपून ठेवा. तिसरं, तालुका विधी सेवा समिती कुठे बसते ते आजच शोधून ठेवा.

बाभुळगावात आम्ही पुढच्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी सकाळी दोन तास बसणार आहोत. चलन घेऊन यायचं, फोटो उघडून पाहायचा, खरं असेल तर तिथेच भरायचं, खोटं असेल तर तिथेच अर्ज लिहायचा. कुणाचीही गाडी, कुणाचंही नाव. जागा गॅरेजवाल्या मुलाने दिली आहे, त्याच्या दुकानापुढचं शेड. निकालाची प्रत पाहून तो म्हणाला होता, "मॅडम, माह्यावर बी एक हाय. दोन वर्सं झाली. थे माही गाडीच नोहे." दोन वर्षं तो ते मनात घेऊन फिरत होता आणि मला 'भरून टाका' सांगत होता.

अब्बांना मी निकाल वाचून दाखवला. त्यांना मराठी वाचता येत नाही, बोलता येतं. 'निर्दोष' या शब्दावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, म्हणजे तुझं नाव साफ? मी म्हटलं, साफ. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ज्या चाळीस वर्षांत आपण नोटा देत आलो, त्यातल्या किती वेळा आपली चूक होती ते आता आठवतही नाही.